वनवृक्षांचे रोग आणि बदलते हवामान
(तालुका शिक्षक-संमेलनातील भाषणाचा मजकूर)



मृग नक्षत्र जवळ आले की वृक्षारोपणाचे परिपत्रक शाळेत येते. गेली कित्येक वर्षे आपण हे कार्य निष्ठेने करीत आलो आहोत. २०१९ च्या पावसाळ्यासाठी तर राज्याने ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते आणि त्यातील आपापला वाटा शाळांनीही उचलला होता. या कामाची माहिती ज्या तक्त्यात भरून द्यावयाची, त्यात लावलेल्या रोपांचा रकाना असतो, जगलेल्या रोपांचाही असतो. परंतु झाड आजारी पडले काय, आणि पडले असल्यास कोणत्या लक्षणांनी, हे विचारणारा रकाना माझ्या पाहण्यात आलेला नाही. झाडांनाही रोग होतात हे आपल्याला ठाऊक असते. पण त्या रोगांचा विचार करण्याची सवय मात्र आपल्याला नाही. आज त्याच विषयावर चार गोष्टी सांगाव्यात, असा माझा हेतू आहे.

आरंभी माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या भेटीस गेलो असता अंगणातील जुन्या कडुनिंबाचे सर्व शेंडे करपलेले दिसले. पावसाळा नुकताच सरला होता. पाने तपकिरी होऊन फांद्यांनाच लोंबत होती आणि वणव्याची झळ लागावी तसे झाड दिसत होते. "झाड मेले, मुलांच्या अंगावर पडेल," असे गावकरी म्हणाले. मी झाडाची साल नखाने खरवडूनही पाहिली नाही. भेटवहीत शेरा लिहिला की, वाळलेले झाड मुलांच्या सुरक्षिततेसाठी काढून टाकावे. माघात झाड तोडले गेले. गावच्या विहिरीवर दुसरा एक कडुनिंब होता, त्यालाही तोच रोग झाला होता. तो कोणाच्या वाटेत नसल्याने तसाच राहिला. चैत्रात त्याला कोवळी पालवी फुटली आणि पाडव्याच्या गुढीसाठी गावाने डहाळ्या तिथूनच नेल्या. पुढच्या भेटीत चौथीतील एका मुलीने मला विचारले, "साहेब, विहिरीवरचा लिंब जगला, मग आपलाच का मेला?" तिला द्यावयास माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधण्यासाठी मी जे वाचले व जाणत्यांना विचारले, त्याचाच सारांश आज आपणापुढे ठेवीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. रोग हा अरण्यावर बाहेरून कोसळणारा केवळ उत्पात आहे, असे आपण समजतो. वस्तुतः निरोगी अरण्यातही रोग असतोच आणि त्याला तेथे काम असते. जुन्या वृक्षाचा गाभा बुरशी कुजविते, तेव्हा त्या खोडात ढोल्या तयार होतात. आपल्या सह्याद्रीतील धनेश पक्षी अशाच ढोलीत घरटे करतो, घुबडे व पोपटही तिचा आश्रय घेतात. पडलेले लाकूड बुरशीने कुजविले नाही, तर मातीला तिचा कस परत मिळणार नाही. डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० साली आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ साली उष्ण प्रदेशातील अरण्यांविषयी एक विचार मांडला. एका जातीच्या झाडाखाली त्याच जातीची रोपे दाटीने उगवली, तर त्या जातीवर जगणारे किडे व रोगजंतू तेथे जमतात आणि बहुतेक रोपांचा नाश करतात. त्यामुळे मोकळ्या राहिलेल्या जागी दुसऱ्या जातीला वाव मिळतो आणि एकच जात सर्व रान व्यापू शकत नाही. म्हणजे अरण्यातील विविधता राखण्याच्या कामी रोगाचाही हातभार लागत असतो.

मग हाच रोग संहारक केव्हा होतो? वनस्पतिरोगांचे शास्त्र शिकविताना एक त्रिकोण काढून दाखवितात. आपण त्याला तीन दगडांची चूल म्हणू. पहिला दगड म्हणजे वृक्ष, दुसरा रोगजंतू आणि तिसरा परिस्थिती. म्हणजे पाऊस, उष्णता, माती, वारा इत्यादी. या तिन्हींचा मेळ बसला तरच रोगाचे भांडे चुलीवर ठरते. जंतू आहे पण हवा प्रतिकूल आहे, तर रोग वाढत नाही. हवा अनुकूल आहे पण वृक्ष सशक्त आहे, तरीही तो आटोक्यात राहतो. हजारो वर्षे एकत्र राहून वृक्ष व जंतू यांच्यात एक समतोल निर्माण झालेला असतो. जंतू थोडेफार घेतो, वृक्ष थोडेफार सोसतो. आंब्यावरचे बांडगूळ आपण सर्वांनी पाहिले आहे. ते आंब्याच्या जीवावर जगते, तरी आंबा बहुधा अनेक वर्षे उभा असतो. मनुष्याने गेल्या दीडशे वर्षांत या तिन्ही दगडांना हात लावला आहे. त्याने जंतू एका खंडातून दुसऱ्या खंडात नेले, एकाच जातीच्या वृक्षांची विस्तीर्ण लागवड केली आणि आता पृथ्वीचे हवामानही बदलविले आहे. याचे परिणाम कसे झाले, ते काही उदाहरणांवरून पाहू.

अमेरिकेच्या पूर्व भागात चेस्टनट नावाचा महावृक्ष होता. ॲपलेशियन पर्वतराजीच्या काही भागांत दर चार वृक्षांमागे एक चेस्टनट असे. त्याची फळे माणसे खात, डुकरे व अस्वले खात. लाकूड घरांना व रेल्वेच्या रुळांखाली वापरीत. साल व लाकूड कातडी कमविण्याच्या कामी येत असे. १८७६ पासून त्या देशात जपानी चेस्टनटची रोपे येऊ लागली. १९०४ साली न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील चेस्टनट वृक्ष मरू लागल्याचे तेथील वनाधिकाऱ्याच्या लक्षात आले. सालीला पडलेल्या भेगेतून एक बुरशी आत शिरे, सालीखालचा जिवंत थर मारीत खोडाभोवती फिरे आणि कडे पूर्ण झाले की वरचा सर्व भाग वाळून जाई. ही बुरशी पूर्व आशियातील होती. तेथील चेस्टनटलाही ती लागते. परंतु त्यांची तिच्याशी पुरातन ओळख असल्याने ते तिला पुरून उरतात. अमेरिकन वृक्षाला ती सर्वस्वी अपरिचित होती. पेनसिल्वेनिया राज्याने १९११ साली पावणेतीन लक्ष डॉलर मंजूर करून एक मंडळ नेमले, रोगट झाडे तोडली, रोगाला अडविण्याचा कसून प्रयत्न केला. पण बीजुके वाऱ्यावर, किड्यांच्या अंगावर आणि पक्ष्यांच्या पायांना चिकटून पुढे गेलेली होती. १९१३ साली ते काम सोडून द्यावे लागले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे ३०० ते ४०० कोटी वृक्ष गेले.

या कथेचे दोन भाग लक्षात ठेवण्याजोगे आहेत. पहिला असा की, रोग पुढे येण्यापूर्वी निदान लाकूड तरी हाती लागावे म्हणून लोकांनी निरोगी चेस्टनटही तोडले. त्यांत रोगाला तोंड देण्याची उपजत शक्ती असलेली काही झाडे असतील, तर तीही कुऱ्हाडीखाली गेली. दुसरा भाग असा की, ही बुरशी जमिनीतील मुळांना सहसा मारू शकत नाही. म्हणून आजही त्या अरण्यात जुन्या बुंध्यांतून धुमारे फुटतात, काही वर्षे वाढतात, साल फाटू लागली की पुन्हा रोगाला बळी पडतात आणि पुन्हा फुटतात. वृक्ष नामशेष झाला नाही; पण त्याला अरण्यात वृक्ष म्हणून उभे राहता येत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या कामाशी अधिक निकटचे आहे. युरोपात ॲश नावाचा वृक्ष सर्वत्र आढळतो. १९९२ च्या सुमारास पोलंडमध्ये त्याचे शेंडे मरू लागले. या रोगाची बुरशीही पूर्व आशियातील. तेथे ती तिथल्या ॲशच्या पानांवर फारशी हानी न करता राहते. युरोपात मात्र गळालेल्या पानांच्या देठांवर ती हिवाळा काढते, उन्हाळ्यात तिची बीजुके वाऱ्यावर उडतात, पानांत शिरतात आणि तेथून फांदीत उतरतात. ब्रिटनमध्ये हा रोग प्रथम ओळखला गेला तो २०१२ च्या फेब्रुवारीत, एका रोपवाटिकेत, नेदरलँड्समधून आणलेल्या रोपांवर. वाऱ्यानेही तो तेथे गेलाच असता. परंतु रोपांनी त्याला दूरवरच्या अनेक ठिकाणी एकदम नेऊन पोहोचविले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात ॲशच्या रोपांची आयात बंद झाली, तेव्हा पुष्कळ उशीर झाला होता. बंधुभगिनींनो, ही रोपे कोणी लाकडाच्या लोभाने आणलेली नव्हती. ती झाडे लावण्यासाठी आणलेली होती. सद्‌हेतूने केलेल्या वृक्षारोपणातून वृक्षाचा रोग गेला, ही गोष्ट मला फार विचार करावयास लावते.

रोपाबरोबर माती जाते आणि मातीतूनही रोग जातो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात जाराह नावाचा निलगिरीच्या कुळातील वृक्ष आहे. त्याची राने विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांपासून जागोजाग वाळू लागली होती. कारण १९६५ च्या सुमारास सापडले. फायटॉफ्थोरा नावाचा एक सूक्ष्म जीव मुळे कुजवीत होता. या नावाचा ग्रीक भाषेतील अर्थच मुळी 'वनस्पतींचा संहारक' असा आहे. याच कुळातील दुसऱ्या एका जातीने १८४५ पासून आयर्लंडमधील बटाट्याच्या पिकाचा नाश करून भीषण दुष्काळ आणला होता. जाराहला मारणारी जात प्रथम १९२२ साली सुमात्रा बेटातील दालचिनीच्या झाडांवरून वर्णिली गेली. ती ओल्या मातीत राहते, पाण्यातून पोहते आणि मातीबरोबर प्रवास करते. ऑस्ट्रेलियात ती रस्त्यांवर टाकलेल्या मुरमातून, वाहनांच्या चाकांतून आणि माणसांच्या बुटांच्या तळव्यांतून पसरली. त्या भागातील सुमारे ४० टक्के देशी वनस्पतींना तिचा उपद्रव होऊ शकतो. म्हणूनच तेथे अनेक राखीव रानांच्या वाटेवर बूट घासून स्वच्छ करण्याची सोय केलेली असते.

आता तिसऱ्या दगडाकडे, म्हणजे परिस्थितीकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मानाने पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळचे सरासरी तापमान २०११ ते २०२० या दशकात सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. हा आकडा कानाला लहान वाटतो. परंतु रोगाच्या दृष्टीने सरासरीपेक्षा महत्त्वाचे असते ते असे की, पान किती तास ओले राहिले, हिवाळ्यात थंडी किती कडक पडली आणि दोन पावसांमध्ये जमीन किती कोरडी झाली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या वायव्य भागात पाइनच्या सुयांवर पडणारी एक बुरशी पूर्वीपासून होती. ती कोठून नवीन आलेली नव्हती. उन्हाळ्यातील उबदार पावसाचे दिवस वाढले, तसा तिचा जोर वाढला आणि जी पोक्त झाडे या रोगाने सहसा मरत नसत तीही मरू लागली. २००५ साली तेथील संशोधकांनी हा संबंध प्रसिद्ध केला. तेथे पाइनच्याच एका जातीची सलग लागवड वाढलेली होती, हेही त्याचे एक कारण होते.

त्याच प्रांतात सालीखाली राहणारा एक भुंगेरा पाइनमध्ये बुरशी नेऊन सोडतो. उणे ३५ ते ४० अंशांची कडक थंडी पडली की त्याच्या अळ्या मोठ्या प्रमाणावर मरत. अशी थंडी विरळ झाली आणि १९९० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या त्याच्या उद्रेकाने सुमारे १ कोटी ८० लक्ष हेक्टर वनक्षेत्राला झळ पोहोचविली.

अवर्षणाचा परिणाम निराळ्या रीतीने होतो. पुष्कळ बुरशी झाडाच्या अंतरंगात वर्षानुवर्षे निमूटपणे राहत असतात. झाडाला पुरेसे पाणी मिळत असते तोपर्यंत त्यांचे काही चालत नाही. अवर्षणात मुळांना पाणी मिळेनासे झाले, खोडातील पाण्याचा स्तंभ तुटू लागला, जखम बुजविण्याइतका जीवनरस उरला नाही, की ह्याच बुरशी झाडावर उठतात. अशा वेळी झाड कशाने मेले, बुरशीने की दुष्काळाने, असा प्रश्न विचारणेच चुकीचे ठरते. दोघांनी मिळून ते मारलेले असते.

येथे काळाचा एक हिशेबही ध्यानात घेतला पाहिजे. बुरशीच्या अनेक पिढ्या एका पावसाळ्यात होऊन जातात. वृक्षाला आपली एक पिढी उभी करण्यास पंचवीस, पन्नास, कधी शंभर वर्षे लागतात. हवामान सावकाश बदलते, तर वृक्षजाती हळूहळू आपले स्थान बदलून किंवा आपल्यातील सशक्तांना पुढे करून त्याला तोंड देत आल्या आहेत. आता बदलाचा वेग असा आहे की जंतूला तो सोसतो, वृक्षाला सोसत नाही.

आपल्या देशाकडे पाहिले तर चंदनाचा दाखला जुना व बोधप्रद आहे. १८९९ च्या सुमारास कूर्ग भागात चंदनाची पाने लहान व ताठ होऊन काट्यांसारखी दिसू लागली, फळे धरेनाशी झाली आणि दोन-तीन वर्षांत झाडे वाळू लागली. या रोगाला 'स्पाइक' असे नाव पडले. चंदन हे अर्धपरोपजीवी झाड आहे. ते शेजारच्या झाडांच्या मुळांतून काही अन्नपाणी घेते. त्यामुळे शेजारी कोणते झाड आहे, घाणेरीचे रान किती माजले आहे, अशा अनेक अंगांनी शोध करावा लागला. दीर्घकाळ हा रोग विषाणूचा मानला जात असे. १९६९ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर कोशभित्तिका नसलेले अतिसूक्ष्म जंतू रोगट झाडांच्या रसवाहिन्यांत आढळले. त्यांना आता फायटोप्लाझ्मा म्हणतात आणि रस शोषणारे तुडतुड्यांसारखे किडे ते पसरवितात. रोग दिसल्यापासून जंतू दिसेपर्यंत सत्तर वर्षे गेली. महाराष्ट्रातही अलीकडे शेतकरी चंदनाची लागवड करू लागले आहेत. त्यांनी रोपे कोठून आणली याची चौकशी करणे किती अगत्याचे आहे, हे यावरून समजेल.

आता ज्या कडुनिंबापासून आरंभ केला, त्याकडे येतो. कडुनिंबाच्या शेंडेमर रोगाशी संबंधित अशा एका बुरशीचे वर्णन म्हैसूर येथील संशोधकांनी १९९७ साली केले. २०२१ साली तेलंगणात ठिकठिकाणचे कडुनिंब करपले, तेव्हा लोकांत मोठी घबराट झाली होती. हा रोग पावसाळ्यात व त्याच्या अखेरीस बळावतो. कोवळ्या डहाळ्यांचा रस शोषणारा एक ढेकण्या जखमा करतो आणि त्यानेही शेंडे करपतात. थोडक्यात, जंतू, किडा आणि दीर्घकाळ ओली राहिलेली हवा यांचा हा मेळ असतो. परंतु सशक्त जुने झाड या रोगाने एकाच वर्षात सहसा मरत नाही. रोग शेंड्यांतून खाली उतरतो खरा, तरी मोठ्या फांद्या व खोड जिवंत असतात आणि हवा कोरडी होऊन ऋतू पालटला की नवी पालवी फुटते. आमच्या शाळेच्या झाडाची साल मी नखाने खरवडली असती, तर खाली हिरवा थर दिसला असता. त्या मुलीला पुढच्या भेटीत मी सांगितले, "बाळ, आपला लिंब रोगाने मेला नाही. मी घाई केली, म्हणून तो गेला." तिने मान हलविली आणि तोडलेल्या बुंध्याशी फुटलेला धुमारा मला नेऊन दाखविला. मुलांनी त्याभोवती काट्यांचे कुंपण केले होते.

या रोगांवर उपाय आहेत काय, असे आपण विचाराल. उभ्या अरण्यावर औषध फवारणे बहुधा शक्य नसते. तेव्हा मुख्य उपाय म्हणजे रोगाची वाट अडविणे. लाकडी खोक्यांतून कीड व रोग जाऊ नयेत म्हणून २००२ साली एक आंतरराष्ट्रीय नियम ठरला. त्यातील एका पद्धतीप्रमाणे परदेशी जाणाऱ्या खोक्यांचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस इतके तापवून ३० मिनिटे त्याच उष्णतेत ठेवतात आणि त्यावर शिक्का मारतात. आपल्या देशातही बाहेरून येणाऱ्या वनस्पतींसाठी २००३ चा वनस्पती संगरोध आदेश लागू आहे. याखेरीज निसर्गातही कधी कधी उपाय सापडतो. युरोपात १९३८ साली इटलीत चेस्टनटचा तोच रोग पोहोचला. पण १९५० नंतर बिराघी या शास्त्रज्ञाला काही झाडांचे व्रण आपोआप भरून येताना दिसले. पुढे कळले की, त्या बुरशीलाच एका विषाणूने ग्रासल्यामुळे ती दुर्बळ झाली होती. जंतूलाही आजार झाला होता म्हणा ना! तथापि हाच उपाय अमेरिकेत तितका लागू पडला नाही; कारण तेथे बुरशीच्या एकमेकींत न मिसळणाऱ्या अनेक कुळी असल्याने विषाणू सर्वांपर्यंत पोहोचत नाही. १९८३ साली स्थापन झालेली एक अमेरिकन संस्था रोगाला टिकणारा चेस्टनट तयार करण्यासाठी अजून झटत आहे. गेलेले झाड परत आणणे हे किती पिढ्यांचे काम आहे, हे यावरून ध्यानात येईल.

आपण प्राथमिक शिक्षक. आपल्या हाती प्रयोगशाळा नाही. परंतु आपल्या हाती डोळे आहेत आणि प्रत्येक गावात आहेत. चेस्टनटचा रोग प्रथम ध्यानात आला तो रोज झाडांत वावरणाऱ्या माणसाच्या. म्हणून माझ्या काही सूचना आहेत.

पहिली सूचना अशी की, शक्य तेथे रोपे आपल्याच परिसरातील बियांपासून शाळेतच तयार करावीत. करंज, चिंच, जांभूळ, कडुनिंब, आवळा यांच्या बिया मुले आनंदाने गोळा करतात. बाहेरून रोपे आणावयाची झाल्यास पाने, खोड व मुळे पाहूनच घ्यावीत. कुजक्या मुळांचे रोप फुकट मिळाले तरी नाकारावे. पिशवीतील माती कोठली आहे, हेही विचारावे.

दुसरी सूचना अशी की, एकाच जातीची रांग लावू नये. पाच-सात जाती मिसळून लावल्या, तर एकीवर आलेला रोग दुसरीपाशी थबकतो.

तिसरी सूचना झाडाच्या जखमेविषयी आहे. फलक लावण्यासाठी आपण खोडात खिळे ठोकतो, वाळत घालण्याच्या तारा फांदीला गुंडाळतो, बुंध्याभोवती सिमेंटचा पक्का कट्टा बांधून मुळांचा श्वास कोंडतो. साल ही झाडाची कातडी आहे. ती फाटली की रोगाला दार मिळते. खिळे काढावेत आणि बुंध्याभोवती निदान दोन-तीन हात माती मोकळी ठेवावी.

चौथी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक शाळेने एक वृक्षवही ठेवावी. तिसरी-चौथीच्या मुलांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीकडे एक झाड सोपवावे. महिन्यातून एकदा त्यांनी झाडाजवळ जाऊन पाहावे आणि चार-पाच ओळी लिहाव्यात: नवी पालवी केव्हा आली, फुलोरा केव्हा आला, पानांवर डाग आहेत काय, शेंडे वाळले आहेत काय, खोडातून डिंक किंवा रस वाहतो आहे काय, त्या महिन्यात पाऊस किती दिवस पडला. पानाचे चित्रही काढावे. यात परिसर अभ्यास आहे, भाषा आहे, गणितही आहे. दहा वर्षे अशी वही चालली तर पालवी आधी येऊ लागली काय, रोग कोणत्या महिन्यात वाढतो, याचा असा पुरावा गावाजवळ राहील की जो कोठल्याही मोठ्या ग्रंथात सापडणार नाही. बदलीने शिक्षक जातात. वही मात्र शाळेत राहिली पाहिजे. मुलांनी रोगट भागाला हात लावला तर हात धुवावेत, आणि औषध फवारण्याचे काम त्यांच्याकडे कदापि देऊ नये.

पाचवी सूचना ही माझ्या चुकीतून आलेली आहे. झाड वाळल्यासारखे दिसले, तर तोडण्याची घाई करू नये. बारीक फांदीची साल किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवे असेल तर ती जिवंत आहे. वाळलेल्या फांद्या मुलांच्या अंगावर पडण्याचा धोका असल्यास तेवढ्याच फांद्या जाणत्या माणसाकडून कोरड्या हवेत छाटून घ्याव्यात, आणि छाटलेला रोगट भाग अंगणात पडू न देता दूर नेऊन नष्ट करावा. कृषी विभागाच्या किंवा सामाजिक वनीकरण विभागाच्या कर्मचाऱ्यास बोलावून झाड दाखवावे आणि निदान एक चैत्र तरी वाट पाहावी. झाड खरोखरच मेले असेल, तर तेव्हा कळेलच.

अरण्याचे आरोग्य केवळ जंतू मारून राखता येत नाही. वृक्ष, जंतू व हवामान यांचा जो मेळ फार दीर्घ काळाने जुळलेला आहे, त्यात आपण घाईने हात घालतो, तेव्हा संकट ओढवते. मग ती घाई लाकूड तोडण्याची असो, रोपे दूरदेशीहून आणून लावण्याची असो, अथवा माझ्यासारखी शेरा लिहिण्याची असो. पृथ्वीचे वाढते तापमान थांबविणे एकट्या शाळेच्या आवाक्यातले नाही. परंतु झाडाकडे थांबून पाहणारी पिढी घडविणे हे आपल्या आवाक्यातले आहे, किंबहुना तेच आपले काम आहे.

त्या शाळेतील धुमारा आता माझ्या खांद्याइतका झाला आहे. गेल्या भेटीत वृक्षवही चाळली. कार्तिकातील नोंद एका मुलाने अशी केली होती: "दोन शेंडे वाळले. खाली हिरवे आहे. वाट बघतो." त्या पानावर मी सही केली आणि दुसरा कोणताही शेरा लिहिला नाही.